सदर प्राणी निकाली काढण्यात आला आहे

पत्रमास्तरांनी आयुष्यात एकही जीव मारलेला नव्हता. घरात झुरळ दिसलं की ते चष्मा काढून ठेवत, म्हणजे दिसायचं बंद होई. अशा माणसावर तीनशे बारा घरांतून एका मुक्या प्राण्याला संपवल्याचा आळ यावा, आणि पुरावा म्हणून त्यांचीच सही दाखवली जावी, यात नशिबाचा भाग फार थोडा आणि व्याकरणाचा भाग फार मोठा होता. हे नीट सांगायला हवं, कारण शहरभर जे सांगितलं जातं ते अर्धवट आहे. मास्तरांची चूक झाली, ती त्यांनी कधी नाकारलेली नाही. पण पुढे जे झालं त्याबद्दल त्यांनी कुणाची माफी मागितली नाही आणि मागणारही नाहीत. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसावं.

मास्तर खरे मास्तर नव्हते. एका दूरचित्रवाहिनीच्या प्रेक्षक-पत्र विभागात ते बावीस वर्षं होते. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, एक आवक वही, एक जावक वही आणि स्वतः मास्तर. पत्र आलं की ते आवक वहीत चढवायचं, उत्तर गेलं की जावक वहीत. मधल्या काळात पत्राचं काय करायचं हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. उत्तर ठरलेलं होतं, छापील होतं आणि मधे एक रिकामी जागा होती. 'आपले पत्र मिळाले. आपण कळवलेला विषय (इथे रिकामी जागा) निकाली काढण्यात आला आहे. लोभ असावा.' रिकाम्या जागेत 'जाहिरातींचा वाढलेला आवाज' किंवा 'हवामान सांगणाऱ्या बाईंचा चष्मा' असं काहीतरी लिहिलं की झालं. बावीस वर्षांत जाहिरातींचा आवाज एका काडीनं कमी झाला नव्हता आणि बाईंचा चष्मा तोच होता, पण दोन्ही विषय दर महिन्याला निकाली निघत होते. मास्तरांना याची खंत होती का? होती. पण खंत आवक वहीत चढवायची सोय नसते.

मग एका रविवारी सकाळी दहा वाजता ते कार्टून लागलं.

भाग अकरा मिनिटांचा. एक कुटुंब घर बदलतंय. सामानाची यादी हातात घेऊन बाप एकेका वस्तूवर खूण करतोय. गाद्या, खुर्च्या, घड्याळ, कुंड्या. अंगणात एक प्राणी बसलाय. प्राणी कुठला, ते सांगणं अवघड. पोट उशीसारखं, पाय टेबलासारखे, एक कान उभा आणि दुसरा डोळ्यावर पडलेला. यादीत तो नाही. गाडी भरते, दार बंद होतं, गाडी जाते. प्राणी थोडं अंतर मागे धावतो, थांबतो, परत येतो आणि फाटकाशी बसून राहतो. दुपार होते, ऊन उतरतं. शेवटी तो उठतो, रिकाम्या अंगणात जातो आणि फाटक लागतं. संपलं. नावं वर सरकायला लागतात.

आठवड्यानं, सोमवारी, पोस्टमननं दोन पोती आणली. मंगळवारी तो पोती ठेवून बसलाच आणि म्हणाला, "मास्तर, पाणी द्या. आणि मला एक सांगा, ते बिचारं जेवलं का?"

लोक खवळले होते. एका शाळेच्या एका वर्गानं एकेचाळीस पत्रं पाठवली होती आणि प्रत्येकात तोच प्राणी काढला होता, फक्त कान वेगवेगळ्या बाजूला पडलेला. एका आजींनी त्याच्यासाठी स्वेटर विणून पाठवला होता, सोबत चिठ्ठी, की पोटाचं माप अंदाजानं घेतलंय, घट्ट झालं तर कळवा. एका गृहस्थांनी त्या घराचा पत्ता मागितला होता. त्यांच्याकडे गाडी होती, रविवार मोकळा होता, आपण जाऊन घेऊन येतो म्हणाले. सामान हलवणाऱ्यांच्या संघटनेनं निषेध नोंदवला होता की आमची माणसं मागे काहीही विसरत नाहीत, आणि तळटीप दिली होती की गेल्या वर्षीच्या आजोबांचा प्रकार हा गैरसमज होता. आणि अर्धी पत्रं नुसत्या वादाची. तो कुत्रा आहे, ससा आहे, साळिंदर आहे. एका प्राध्यापकांनी नऊ पानांत सिद्ध केलं होतं की असा प्राणी असूच शकत नाही, आणि दहाव्या पानावर विचारलं होतं की मग आता त्याचं काय होणार.

मास्तरांनी स्वतः तो भाग पाहिला नव्हता. रविवारी सकाळी दहाला ते दाढी करत. बायकोनं हाक मारली होती, "अहो, बघा ना जरा, काय करतायत त्याचं!" आणि मास्तर तोंडाला साबण लावून म्हणाले होते, "कार्टून आहे ते. तू काय लहान आहेस?" हे वाक्य त्यांना पुढे फार महागात पडलं.

कार्यक्रमसाहेब, म्हणजे वाहिनीवर काय दाखवायचं ते ठरवणारे साहेब, मंगळवारी खाली आले. पोत्यांकडे बघून म्हणाले, "शुक्रवारपर्यंत मला इथे फरशी दिसली पाहिजे. सगळी निकाली काढा."

हातानं रिकामी जागा भरत बसलो तर शुक्रवार उलटून जाईल हे मास्तरांच्या लक्षात आलं. त्यांनी शिक्का करून घेतला. शिक्केवाल्यानं विचारलं, मजकूर काय? मास्तर म्हणाले, 'टाकून दिलेला प्राणी'. छापील ओळीतला 'विषय' हा शब्द जागेत अडथळा करत होता, म्हणून तो त्यांनी छापखान्यातून काढून टाकला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तो प्राणी 'मांजर' असता तर वाक्य लगेच खटकलं असतं, कारण मांजर निकाली काढण्यात आला म्हणत नाहीत. 'गाय' असती तरी खटकलं असतं. पण 'विषय' पुल्लिंगी आणि 'प्राणी'ही पुल्लिंगी. शिक्का जागेवर असा चपखल बसला की मास्तरांना व्याकरणाचं समाधान वाटलं. घात झाला तो तिथे.

ते भराभर शिक्के मारत गेले. आवक वहीतून पत्ता घ्यायचा, पाकिटावर लिहायचा, शिक्का, सही, जावक क्रमांक, पुढचं. दोन दिवसांत तीनशे बारा पाकिटं गेली.

गुरुवारी ते जेवायला बसले तर ताटाशेजारी एक पाकीट उभं करून ठेवलेलं. पत्ता त्यांच्याच घरचा, अक्षर त्यांचंच, नाव मात्र बायकोचं माहेरचं.

"हे काय?"

"वाचा," बायको म्हणाली. "मोठ्यानं."

मास्तरांनी चष्मा लावला. "आपले पत्र मिळाले. आपण कळवलेला टाकून दिलेला प्राणी निकाली काढण्यात..." आणि ते थांबले.

"पुढे वाचा ना. लोभ असावा, असंही लिहिलंय."

"तू पत्र लिहिलं होतंस?"

"घरात विचारलं तर तू काय लहान आहेस म्हणता. म्हटलं बाहेरून विचारावं. बाहेरच्यांशी तुम्ही बरे वागता असं ऐकून होते."

"पण तू... अगं, माझाच पत्ता लिहिला मी पाकिटावर! मला कळलंसुद्धा नाही?"

"तेच म्हणते मी," बायको म्हणाली. "स्वतःच्या घराचा पत्ता लिहिताना ज्याला कळत नाही, त्यानं त्या बिचाऱ्याचा निकाल लावताना काय बघितलं असेल!"

ती ताट उचलून आत गेली. ताट मास्तरांचं होतं, अजून भरलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पायजम्यावरच खाली आले. त्यांच्या मुलीलाही पत्र आलं होतं आणि तिनं दात घासायचं सोडून दिलं होतं. "माझ्या घरात, मास्तर! माझ्या घरात! ती म्हणते, जगात असं होत असेल तर दात कशाला घासायचे? याला मी काय उत्तर देऊ?" मग जरा शांत होऊन त्यांनी सल्ला दिला की मास्तरांनी महिनाभर बाहेरगावी जावं. तळमजल्यावर एक निवृत्त अधिकारी राहत. बोलताना प्रत्येक गोष्टीला कलम लावायची सवय, म्हणून सगळे त्यांना कलमकाका म्हणत. ते म्हणाले, "पळायचं नाही. पळालात की कबुली झाली. लेखी आरोपाला लेखी उत्तर. तुमच्याकडे तो जिवंत असल्याचा काही कागद आहे का?"

"काका, तो चित्रातला आहे हो."

"मी कागदाबद्दल विचारलं, मास्तर."

मास्तर जिन्यावरून उतरले की मुलं खेळ थांबवून भिंतीला चिकटत. एकानं दुसऱ्याला हळूच सांगितलेलं त्यांनी ऐकलं, "ते बघ, निकालीकाका." बावीस वर्षं नाकासमोर चाललेल्या माणसाला हे सोसत नाही. मास्तर वळले, म्हणाले, "अरे, मी काही केलेलं नाही!" आणि मुलं किंचाळत पळाली.

सोमवारी कार्यालयात प्राणीकल्याण खात्याचे निरीक्षक हजर. हातात तक्ता, कानावर पेन.

"प्राण्याचा प्रकार?"

"अहो साहेब, ते कार्टून आहे."

"प्रकार, अज्ञात," निरीक्षकांनी लिहून घेतलं. "ताबा कुणाकडे होता?"

"कुणाकडेच नव्हता, म्हणून तर एवढं झालं!"

"बेवारस. निकाली काढायची पद्धत?"

"शिक्का," मास्तर म्हणाले.

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "शिक्क्यानं?"

मास्तरांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, विषय आणि प्राणी यांच्या लिंगासकट. निरीक्षक भले गृहस्थ होते, त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "तुमचं म्हणणं मला पटतंय. प्राणी चित्रातला आहे. पण तक्रार खरी आहे ना? तिला क्रमांक पडलाय. क्रमांक पडलेली तक्रार मला अशी हवेत सोडता येत नाही. तो जिवंत आहे असं कुणाचं तरी लेखी आणा, मी बंद करतो."

कलमकाकांनी हे ऐकून मांडीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? हयातीचा दाखला!"

हयातीचा दाखला देणारी खिडकी नगर कार्यालयाच्या मागच्या बाजूला. तिथे रांगेत सगळे सत्तरीपुढचे, आपण अजून आहोत हे सिद्ध करायला आलेले. मास्तर त्यांच्यात उभे राहिले. पुढचे आजोबा म्हणाले, "स्वतःचा काढताय?" मास्तर म्हणाले, "नाही, ओळखीतला आहे." खिडकीतल्या बाईंनी अर्ज वरून खाली वाचला आणि मान न उचलता विचारलं, "हजर का नाही?"

"त्याला येता येणार नाही."

"आजारी?"

"फाटकाशी बसलाय."

"मग फोटो. सहा महिन्यांच्या आतला."

फोटो मास्तरांनी आणला होता. एका मुलीनं पाठवलेलं चित्र वाहिनीच्या चित्राशी जुळत होतं, तेच कापून. बाईंनी ते उजेडाकडे धरलं. "दोन्ही कान दिसायला हवेत. एक झाकलाय."

"त्याचा कान तसाच आहे, बाई!"

"मग त्याला सांगा वर करायला," बाई म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. जेवणाची सुट्टी झाली होती.

त्या संध्याकाळी मास्तर घरी आले ते ठरवूनच. दाखला गेला उडत आणि निरीक्षकांना करायचं ते करू दे. त्यांनी टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला आणि हातानं लिहायला बसले. 'प्राणी जिवंत आहे. मी वाईट वाक्य लिहिलं. चूक माझी आहे, त्याची नाही.' खाली सही. छापील काहीही नाही. सात पत्रं झाल्यावर बायको समोर येऊन बसली. तिनं पाकिटांचा गठ्ठा स्वतःकडे ओढला आणि पत्ते लिहायला लागली. चाळिसाव्या पाकिटाला म्हणाली, "अक्षर बरं काढा, मुलं वाचणार आहेत." मास्तरांना कळलं की आपलं ताट परत मिळणार.

इकडे कार्यक्रमसाहेबांनी वेगळाच तोडगा काढला होता. प्रेक्षकांना शेवट गोड हवा ना, मग गोड करून देऊ. बुधवारपासून वाहिनीवर तासातासाला पट्टी फिरू लागली, की येत्या रविवारी तोच भाग नव्या शेवटासह, ते परत येतात! कुटुंबाची गाडी मागे वळते, सगळे धावत येतात, प्राण्याला मिठी मारतात, बाप यादीत शेवटची ओळ लिहून खूण करतो. लोक पट्टी बघून खूश झाले. दातांच्या डॉक्टरांनी जिन्यात मास्तरांना मिठी मारली. सगळं आपोआप मिटत आलं होतं, आणि मास्तर एरवी हुश्श म्हणून गप्प बसले असते.

पण दुसऱ्याच दिवशी एक पत्र आलं. रेघांच्या वहीचं पान, पेन्सिल, अक्षर मोठं आणि दाबून काढलेलं. मुलगी नऊ वर्षांची, तसं तिनं वरच लिहिलं होतं.

'तुमचं पहिलं पत्र मिळालं. मला ते खरं वाटलं नाही. कारण त्यानं फाटकाची कडी आतून लावली होती. मग तुम्ही आत कसे गेलात? नंतर दुसरं पत्र आलं, ते बरोबर होतं. आता टीव्हीवर सांगतात की ती माणसं परत येणार. त्यांना आणू नका. मी पण मावशीकडे असते. मला सोडताना लवकर परत येतो म्हणाले होते, त्याला दोन वर्षं झाली. आधी मी खिडकीत बसायचे. आता बसत नाही, आता मला इथे आवडतं. ते परत आले तर त्याला कडी काढावी लागेल का?'

मास्तरांनी पत्र दोनदा वाचलं. मग आवक वही बंद केली आणि उठून वरच्या मजल्यावर गेले. तिथे एका लहानशा खोलीत कार्टून काढणारी चित्रवाली बसे. कपाळावर शाई, समोर नव्या शेवटाची अर्धवट चित्रं.

"मला तो भाग दाखवा," मास्तर म्हणाले. "मी बघितलाच नाही अजून."

चित्रवालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की बावीस वर्षांत कुणी पाहिलं नसेल. पण दाखवला. अकरा मिनिटं मास्तर उभे राहून बघत होते. शेवट आला. प्राणी उठला, आत गेला, फाटक लागलं, आणि मास्तरांना दिसलं. पंजा वर येतो. कडी सरकते. आतून.

"थांबवा," मास्तर म्हणाले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही कडी..."

"तीन दिवस लागले मला ती कडी काढायला," चित्रवाली म्हणाली. "घर आता त्याचं झालं. तो टाकलेला राहिलाच नाही, असं दाखवायचं होतं. पण तेव्हा सगळे डोळे पुसत होते. कुणालाही दिसली नाही."

मास्तरांनी पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं वाचलं आणि हातातला ब्रश खाली ठेवला. "साहेब ऐकणार नाहीत, मास्तर. मी सांगून बघितलंय."

"नाही ऐकलं तर नाही," मास्तर म्हणाले.

ते खाली आले, कोरा कागद घेतला आणि लिहिलं. 'कडी काढावी लागणार नाही. ती माणसं परत येणार नाहीत. शेवट आहे तसाच राहील.' खाली सही केली, वाहिनीचा गोल शिक्का मारला, जावक वही उघडली आणि पत्राला क्रमांक दिला. बावीस वर्षं ते लोकांना लिहीत आले होते, की झालं, निघालं, निकाली. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. हे पत्र खरं व्हायलाच हवं होतं. एक पोर खिडकीतून उठली होती, आणि कुणीतरी टीव्हीवरून तिला पुन्हा तिथे बसवायला निघालं होतं. मास्तरांनी पत्र स्वतः जाऊन पेटीत टाकलं, आणि पेटीच्या फटीतून बोट घालून ते खाली पडल्याची खात्री केली.

शनिवारी साहेब आठवड्याच्या सहीसाठी जावक वही चाळत होते. पान उलटता उलटता त्यांचा हात थांबला.

"हे काय? शेवट तसाच राहील? कुणाच्या परवानगीनं?"

"कुणाच्याही नाही," मास्तर म्हणाले.

"मास्तर, उद्या नवा शेवट लागणार आहे! पट्टी चालू आहे! हे पत्र मागे घ्या. आणि त्यासोबत माफीचा मजकूर वाचायचाय तुम्हाला उद्या. सगळा गोंधळ एका कारकुनाच्या चुकीनं झाला, असा. इथे सही करा."

"चूक माझी झाली, साहेब. शिक्क्याची. ती मी तीनशे बारा वेळा हातानं लिहून कबूल केलीय, एकदा अजून करीन. पण कडीची चूक कुणाची झालेली नाही. त्याच्यावर माझी सही मिळायची नाही."

"तुमच्याकडून खुलासा मागवीन मी!"

"मागवा. पण हे पत्र जावक झालंय. क्रमांक पडलाय. वाहिनीचा शिक्का आहे त्याच्यावर. क्रमांक पडलेली गोष्ट हवेत सोडता येत नाही, हे मला परवाच एका निरीक्षकांनी समजावून सांगितलं."

"एका पोरीला लिहिलेलं पत्र! तिला काय कळतंय?"

"तिला कडी दिसली, साहेब. आपल्याला कुणाला दिसली नाही. मलासुद्धा नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते आणखी काही बोलणार, एवढ्यात दाराशी पहारेकरी आला. "मास्तर, तुमच्याकडे कुणी आलंय." त्याच्या मागे एक बाई होत्या, हातात पिशवी, चेहऱ्यावर संकोच. "माफ करा हं. ऐकेचना. म्हणाली, समक्ष विचारायचंय." आणि त्यांच्या पुढे एक मुलगी, दोन वेण्या, एका हातात पाकीट. ती टेबलापाशी आली आणि सरळ मास्तरांना म्हणाली, "तुम्ही लिहिलं?"

"मी लिहिलं."

"हे खरं आहे का?"

मास्तर उत्तर देणार तर ती पुढे म्हणाली, "म्हणजे मला आधी पण एक पत्र आलं होतं. लवकर परत येतो, असं. त्याच्यावर पण सही होती. म्हणून आता मी विचारायला येते."

मावशींनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि खिडकीकडे पाहिलं. चित्रवाली जिन्यावरून उतरून दारात उभी होती. साहेबांच्या हातात अजून जावक वही उघडी होती. मास्तर म्हणाले, "माझ्याकडून खरं आहे. पण ठरवायचं यांनी असतं. हे साहेब."

मुलगी साहेबांकडे वळली आणि मान वर करून वाट पाहू लागली.

"बाळ," साहेब म्हणाले, "त्याचं असं आहे. लोकांना ना, शेवट जरा..."

"आहे का नाही?"

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी नजर काढून घेतली नाही. मग त्यांनी मावशींकडे पाहिलं. मावशी आता खिडकीतून बाहेर बघत नव्हत्या, साहेबांकडेच बघत होत्या आणि त्यांचा संकोच कुठच्या कुठे गेला होता. साहेबांनी वही मिटली. घसा खाकरला. "आहे," ते म्हणाले. "तसाच राहील."

"मग तुमची पण सही करा."

मुलीनं पाकिटातून पत्र काढलं, टेबलावर पसरलं आणि मास्तरांच्या सहीच्या खाली बोट ठेवून जागा दाखवली. साहेबांनी खिसे चाचपले, पेन सापडेना. मास्तरांनी आपलं पुढे केलं. साहेबांनी सही केली. तारीख घातली नव्हती, ती तिनं घालून घेतली.